थ्रीडी अ‍ॅप घेऊ की सिनियरचा बोनसेट?

मावसबहिणीला यंदा नाशिकलाच एमबीबीएस मिळालं आणि तिचा पहिलाच मेसेज, ताई टॅब घेऊन अ‍ॅनाटॉमीच्या (शरीररचनेच्या) थ्रीडी अ‍ॅपचं वर्षभराचं सबस्क्रिप्शन काढू की सिनियरकडून बोनसेट, म्हणजे अभ्यासाचा हाडांचा संच, घेऊ? मी दोन्ही वापरलंय म्हणून लिहिते.

थ्रीडीचा खरा उपयोग हेड-नेकला, म्हणजे डोकं-मान शिकताना. स्फेनॉइड हाड म्हणजे फुलपाखरू एवढं पाठ होतं, पण ते कवटीत नेमकं कुठं अडकलंय हे चित्रावरून कळतच नाही. अ‍ॅपमध्ये आजूबाजूची हाडं एकेक गायब करायची, उरलेलं बोटाने फिरवायचं, दहा मिनिटात डोक्यात बसतं. तरी त्यातलं फोरामेन ओव्हेल हे भोक मला पटलं ते खऱ्या कवटीत खराट्याची काडी घातली आणि ती खाली इन्फ्राटेम्पोरल फोसात (गालाच्या हाडाआडच्या खोलगट जागेत) निघाली तेव्हाच.

आणि व्हायवाला (तोंडी परीक्षेला) क्लॅव्हिकल, म्हणजे कॉलरबोन, हातात देऊन विचारतात, कुठल्या बाजूचं? अ‍ॅपवर टॅप केलं की उजवं-डावं लिहूनच येतं, मग ओळखायची सवय लागणार कशी.

डिसेक्शनचं (शवविच्छेदनाचं) वेगळंच. मॉडेलमध्ये धमनी लाल, शीर निळी, नर्व्ह पिवळी, कॅडेव्हरमध्ये (मृतदेहात) सगळं एकाच मातकट रंगाचं, बोटात धरून बघावं लागतं, नर्व्ह दोरीसारखी भरीव लागते आणि धमनी पोकळ. शिवाय मॉडेलमध्ये प्रत्येकाला पाल्मारिस लाँगस (मनगटाच्या मधोमध दोरीसारखा उठणारा स्नायू) असतो. आमच्या रूममधल्या चौघींपैकी एकीला नव्हताच, अंगठा-करंगळी जुळवून मनगट वाकवा, तुम्हालाही कळेल!! पण टेबलाभोवती गर्दी एवढी की मागच्यांना फक्त अ‍ॅप्रनच्या पाठी दिसतात, त्यांनी आदल्या रात्री थ्रीडीवर तो भाग फिरवून यावं.

घ्यायच्या आधी एक बघा, मॉडेल कलाकाराने बनवलंय की खऱ्या शरीराच्या कापांवरून. अमेरिकेच्या व्हिजिबल ह्युमन प्रोजेक्टमध्ये 1994 ला पुरुषाचे 1 मिलिमीटरचे आणि 1995 ला स्त्रीचे 0.33 मिलिमीटरचे काप फोटोसकट आले. सीटी-एमआरआय वाचायला असे कापच कामाला येतात, चकचकीत मॉडेल नाही.

खर्चाचं म्हणाल तर सबस्क्रिप्शन वर्षाने संपतं, बोनसेट पुढच्या ज्युनियरला विकता येतो. माझं अ‍ॅप तर ऐन परीक्षेत अपडेट मागत बसलं आणि होस्टेलचं वायफाय मेलेलं.

तिला सांगितलं, बोनसेट आत्ता घे, थ्रीडीसाठी झेड-अ‍ॅनाटॉमी लॅपटॉपवर टाक, फुकट आहे. पैसे भरायचे की नाही ते हेड-नेक सुरू झाल्यावर बघू.