शंभर टक्के निधी जमला आणि मी बुडाले

“तुमची मोहीम पूर्ण करून देतो” असे मेसेज क्राउडफंडिंग, म्हणजे ऑनलाइन लोकांकडून थोडेथोडे पैसे जमवणं, करणाऱ्या प्रत्येकाला येतात. ते पाठवणारे भामटे असतात हे मलाही माहीत होतं. पण मुदत संपत आलीय, ४,००,००० च्या लक्ष्यापैकी जेमतेम निम्मे जमलेत, आणि लाइक देणाऱ्या हजारो फॉलोअर्सपैकी पाकिटात हात घालणारे मूठभर. अशा वेळी डोकं शांत ठेवून दाखवा, मग मला शिकवा.

माझी चित्रकादंबरी छापायची होती. मोहीम किकस्टार्टर ही क्राउडफंडिंगची वेबसाइट २००९ मध्ये सुरू झाल्यापासून चालवते तशा पद्धतीची: लक्ष्य गाठलं तरच पैसे, नाहीतर कुणाच्याच कार्डातून काही कापलं जात नाही. खरी गोम इथेच आहे.

असा मेसेज पाठवणाऱ्या एकाला मी हो म्हटलं. त्याने आधी ‘सेटअप’चे १८,५०० घेतले, मग जाहिरातींचे ३२,०००. त्याने आणलेल्या बॅकर्समुळे, म्हणजे पैसे देणाऱ्यांमुळे, एका रात्रीत आकडा ९६,००० नी वर गेला. लगेच १५ टक्के कमिशन, १४,४००. मुदत संपल्यावर देते म्हटलं, तर “मग बाकीचे बॅकर्स थांबवावे लागतील, मॅडम.” दिले. आणखी ९४,००० आले, त्यांचे १४,१००. एकूण ७९,०००, तेही कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यात. पैसे प्रत्यक्ष तुमच्या हातात पडायच्या आत कमिशनचा एक रुपया देऊ नका.

आणि बॅकर्सची यादी समोर उघडी होती हो! त्या ९६,००० चे बारा जण, प्रत्येकी बरोब्बर ८,०००, आणि बाराही जणांनी ‘बक्षीस नको’, म्हणजे पैशांच्या बदल्यात काहीच नको, असं निवडलेलं. पुस्तकासाठी आठ हजार देणाऱ्या एकालाही पुस्तक नको? ५०० देणारी माझी मावशी सहीची प्रत कधी मिळणार म्हणून डोकं खात होती. बाराही प्रोफाइल कोऱ्या, आधी एकाही प्रकल्पाला पैसे दिलेले नाहीत. मी हे सगळं पाहिलं आणि मला वाटलं, किती निरपेक्ष माणसं! आठवलं की अजून कानशिलं तापतात.

कार्डातून पैसे मुदत संपल्यावर कापतात. त्याने आणलेल्या सगळ्यांची कार्डं फेल. दुरुस्तीला सात दिवस मिळतात, पण दुरुस्त करणार कोण? पानावर मात्र ४,०३,२००, मोहीम यशस्वी! मोहीम पडली असती तर निदान माझ्या खऱ्या वाचकांचे पैसे वाचले असते. आता त्यांचे कापले गेलेत, म्हणजे पुस्तक देणं मला भाग आहे. कपात वजा जाता हातात आले १,९६,१४४. त्यातून ते ७९,००० वजा करा आणि सांगा, ४,००,००० चं काम कशात करू?

तक्रारीची तर वेगळीच तऱ्हा. प्लॅटफॉर्म म्हणतो, बाहेरच्या व्यक्तीशी तुम्ही केलेला व्यवहार आमचा नाही, पण बक्षिसं वेळेत पाठवा. त्या भामट्याचं अकाउंट रिपोर्ट केलं तर “आमच्या नियमांचं उल्लंघन आढळलं नाही.” बँक म्हणते, ओटीपी तुम्हीच टाकलात. पोलिसांत गेले तर पहिला प्रश्न, “चित्रांचं पुस्तक? लहान मुलांचं का?” मग, “त्याने माणसं आणतो म्हटलं आणि आणली, यात फसवणूक कुठे?” फेल झालेल्या कार्डांची यादी पुढे केली, तर ती उलटी धरून बघितली आणि दुसऱ्या कक्षात जायला सांगितलं. दुसऱ्या कक्षाने पहिल्याकडे पाठवलं. अर्जाची पोच मागितली तर जणू मीच आरोपी! तरी पोच सोडू नका, आणि व्यवहार क्रमांकांसकट चॅट आधीच जपून ठेवा. माझ्या बाजूचं चॅट त्याने ब्लॉक करण्याआधी पुसून टाकलं.

नव्या नावाने तो पुन्हा सुरू झालाय. त्याच्या ‘यशोगाथां’मध्ये माझ्या पानाचा स्क्रीनशॉट आहे, १०० टक्के निधी पूर्ण! असा स्क्रीनशॉट कुणी पाठवला तर त्या निर्मात्याला मोहिमेच्या पानावरून स्वतः गाठा, स्क्रीनशॉट पाठवणाऱ्याने दिलेल्या नंबरवर फोन करू नका. मी केला होता. पलीकडचा ‘निर्माता’ फार गोड बोलला.