ईआयकॅट : परकीय प्रजातींच्या हानीची प्रतवारी करणाऱ्या पद्धतीचे परीक्षण

एखादी परकीय वनस्पती किंवा प्राणी किती हानिकारक आहे, असे विचारले की बहुतेक अहवाल ती प्रजाती किती पसरली आहे हे सांगू लागतात. पसारा डोळ्यांना दिसतो आणि नकाशावर रंगवता येतो, म्हणून हे घडते. परंतु दूरवर पसरलेली प्रजाती स्थानिक जीवांना फारसा धक्का न लावताही नांदू शकते आणि एकाच बेटापुरती मर्यादित असलेली प्रजाती तेथील एखादा पक्षी कायमचा संपवू शकते. पसारा आणि परिणाम यांची ही गल्लत दूर करण्याचा सर्वांत शिस्तबद्ध प्रयत्न म्हणून मी ईआयकॅट (एन्व्हायर्नमेंटल इम्पॅक्ट क्लासिफिकेशन फॉर एलियन टॅक्सा) या वर्गीकरण पद्धतीकडे पाहतो. तिची मूळ मांडणी २०१४ मध्ये जीवशास्त्रज्ञ टिम ब्लॅकबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली आणि २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने, म्हणजे आययूसीएनने, तिला आपले अधिकृत मानक म्हणून मान्यता दिली. ज्यांना प्रजातींचा प्राधान्यक्रम ठरवायचा आहे, त्यांनी ही पद्धती जरूर वापरावी असे माझे मत आहे. मात्र तिच्या निकालातील केवळ श्रेणी उचलून बाकीचे सोडून दिले, तर तीच पद्धती दिशाभूल करू शकते.

तिचा गाभा पाच पायऱ्यांचा आहे. परिणाम तपासला गेला, पण स्थानिक जीवांवर दखल घेण्याजोगा परिणाम आढळला नाही, तर ती पहिली पायरी. स्थानिक प्रजातीतील प्राणी किंवा झाडे टिकून आहेत, पण त्यांची वाढ, प्रजनन किंवा प्रकृती खालावली आहे, ही दुसरी. त्यांची संख्या घटली, ही तिसरी. एखाद्या ठिकाणाहून स्थानिक प्रजाती नाहीशी झाली, पण परकीय प्रजाती हटवल्यास ती १० वर्षे किंवा ३ पिढ्या यांपैकी अधिक असलेल्या काळात आपणहून परत येऊ शकते, ही चौथी. आणि ती आपणहून परत येण्याची शक्यताच उरलेली नाही, ही पाचवी. तिसऱ्या पायरीपासून पुढच्या श्रेणी हानिकारक मानल्या जातात.

चौथ्या आणि पाचव्या पायरीमधील सीमारेषा हा मला या पद्धतीचा सर्वांत विचारपूर्वक घडवलेला भाग वाटतो. प्रशांत महासागरातील मोरेआ बेटावर १९७७ मध्ये एक शिकारी गोगलगाय मुद्दाम आणली गेली. पिकांवर पडणाऱ्या आफ्रिकी राक्षसी गोगलगायीचा बंदोबस्त तिने करावा, ही अपेक्षा होती. प्रत्यक्षात तिने पार्टुला गटातील लहान स्थानिक गोगलगायी फस्त केल्या आणि सुमारे दहा वर्षांत त्या बेटावरील निसर्गातून नाहीशा झाल्या. त्यांतील काहींचे वंश प्राणिसंग्रहालयांत जपले गेले आणि अलीकडच्या वर्षांत त्यांना पुन्हा जंगलात सोडण्याचे काम सुरू झाले आहे. हे काम मोलाचे आहे, परंतु माणसांनी दशकानुदशके कष्ट करून घडवलेले पुनरागमन म्हणजे निसर्गाने आपणहून भरून काढलेली हानी नव्हे, आणि ईआयकॅट हा फरक पुसला जाऊ देत नाही. प्रजाती परत आल्या म्हणून मूळ हानी सौम्य होती, असा सोयीचा निष्कर्ष तिच्या व्याख्येत बसत नाही.

श्रेणीबरोबर परिणाम कोणत्या मार्गाने झाला हेही नोंदवावे लागते आणि त्यासाठी १२ मार्ग ठरवून दिले आहेत. स्पर्धा, शिकार, संकर, रोगप्रसार, परजीविता, विषबाधा, चराई असे थेट मार्ग त्यांत आहेत, तसेच अधिवासाच्या रासायनिक, भौतिक किंवा रचनात्मक बदलांतून होणारे परिणामही आहेत. उपायांचा विचार करणाऱ्याला हा तपशील श्रेणीपेक्षा अधिक उपयोगी पडतो. उत्तर अमेरिकेतील रडी बदक ब्रिटनमधील पाळीव संग्रहांतून सुटून युरोपात पसरले आणि स्पेनमधील पांढऱ्या डोक्याच्या बदकाशी त्याचा संकर होऊ लागला. येथे अन्नासाठी झगडा नाही की शिकार नाही. धोका वंशाच्या सरमिसळीचा आहे, म्हणून थोडेसे परके पक्षी उरले तरी तो संपत नाही. प्रशांत महासागरातीलच गुआम बेटावर दुसऱ्या महायुद्धानंतर मालवाहतुकीतून पोहोचलेल्या तपकिरी वृक्षसर्पाने तेथील १२ स्थानिक वनपक्ष्यांपैकी १० बेटावरून नाहीसे केले, ही थेट शिकार झाली. पण बिया पसरवणारे पक्षी गेल्यामुळे झाडांच्या प्रसारावर जो आघात झाला, तो अप्रत्यक्ष मार्गाखाली वेगळा नोंदवता येतो.

आता उणिवा. पद्धती उपलब्ध पुराव्यावर चालते आणि तो पुरावा अतिशय विरळ आहे. जगभरातील ४१५ परकीय पक्षी प्रजातींना जेव्हा हे निकष लावले गेले, तेव्हा ७० टक्क्यांहून अधिक प्रजाती 'अपुरी माहिती' या गटात गेल्या. हा गट प्रामाणिक आहे, कारण माहिती नसणे आणि हानी नसणे या दोन गोष्टी तो वेगळ्या ठेवतो. दुर्दैवाने धोरण आखणाऱ्यांच्या तक्त्यात 'अपुरी माहिती' हे शब्द अनेकदा 'चिंता नको' असे वाचले जातात. प्रत्येक निकालासोबत खात्रीची पातळी उच्च, मध्यम किंवा कमी अशी दिलेली असते. तीही अहवालापर्यंत पोहोचेतो गळून पडते. कमी खात्रीची चौथी पायरी आणि उच्च खात्रीची तिसरी पायरी यांत कोणती अधिक तातडीची, याचे उत्तर केवळ श्रेणी पाहून देता येत नाही.

दुसरी मर्यादा पद्धतीच्या रचनेतच आहे. जागतिक श्रेणी ठरते ती कोठेही नोंदलेल्या सर्वांत गंभीर परिणामावरून. सावधगिरी म्हणून हे योग्य आहे, परंतु एका बेटावरील घटनेमुळे मिळालेली पाचवी पायरी विशाल भूखंडावरील त्याच प्रजातीच्या वर्तनाविषयी थोडेच सांगते. राष्ट्रीय किंवा प्रादेशिक पातळीवर वेगळे मूल्यमापन करण्याची सोय मानकात आहे आणि तिचा वापर व्हायलाच हवा.

तिसरी गोष्ट मला अधिक खटकते. परिसंस्थेतील बदलाची तीव्रता येथे अखेर स्थानिक प्रजातींवर काय ओढवले यावरूनच ठरते. हवाईतील ज्वालामुखीच्या कोवळ्या, नत्र-दरिद्री जमिनीत फाया हे परकीय झाड नत्राची भर घालते, हे उत्तम रीतीने अभ्यासले गेले आहे. पण माती बदलली हे कितीही काटेकोर मोजले, तरी तेथील स्थानिक वनस्पतींची संख्या कोणी मोजली नसेल तर त्या निष्कर्षाला वरची पायरी मिळत नाही. मातीचे, पाण्याचे किंवा वणव्यांच्या चक्राचे अभ्यासक या मापनात मागे पडतात.

आर्थिक आणि सामाजिक परिणाम येथे शोधू नयेत. त्यांच्यासाठी २०१८ मध्ये सीकॅट ही स्वतंत्र पद्धती मांडली गेली. परकीय प्रजातींमुळे स्थानिक जीवांना झालेला लाभ नोंदवणारी ईआयकॅट-प्लस ही जोड २०२२ मध्ये आली आणि ती स्वतंत्र ठेवली हे बरे झाले, कारण हानीतून लाभ वजा करून एकच आकडा काढला असता तर दोन्हींचा अर्थ हरवला असता.

जैवविविधता आणि परिसंस्था सेवांवरील आंतरशासकीय मंचाच्या २०२३ च्या अहवालानुसार माणसाच्या हातून ३७,००० हून अधिक परकीय प्रजाती नव्या प्रदेशांत रुजल्या आहेत आणि त्यांपैकी ३,५०० हून अधिक हानिकारक आहेत. एवढ्या प्रजातींशी एकाच वेळी झुंजणे कोणालाही शक्य नाही, त्यामुळे क्रम लावावाच लागतो आणि त्यासाठी समान मोजपट्टी लागते. निकाल पाहणाऱ्याने श्रेणी, मार्ग, खात्री आणि ज्या ठिकाणचा पुरावा आहे ते ठिकाण, हे चारही तपशील एकत्र नोंदवून घ्यावेत. एखाद्या तळ्यातील जलपर्णी यंदा काढावी की पुढच्या वर्षी, हे मात्र ही पद्धती सांगणार नाही. निर्मूलनाचा खर्च आणि यशाची शक्यता तिच्या कक्षेबाहेर आहे, त्यासाठी जोडीला जोखीम-व्यवस्थापनाचे वेगळे मूल्यमापन करावे लागेल. आणि जे प्रत्यक्ष जागेवर काम करतात, त्यांनी परकीय प्रजातीच्या नोंदीबरोबरच तिच्या शेजारच्या स्थानिक प्रजातींची गणना आधी, नंतर आणि शक्य असेल तेथे आक्रमण न झालेल्या तशाच जागेवर करून ठेवावी. या पद्धतीला वाचता येईल असा पुरावा तोच आहे.