पत्ते झकास, आतली चिठ्ठी भांडण लावणारी

२०१९च्या पुरात तळमजल्यावरच्या कपाटासकट आमचे पत्त्यांचे दोन कॅट गेले. कागदीच ते, लगदा झाला. मग मिळेल तो स्वस्तातला कॅट वापरत होतो. महिन्याभरात कोपरे दुमडायचे आणि चौकटची राणी पाठीवरूनच ओळखू यायची. यंदा सांगलीत गणपती पेठेतून १८० रुपयांचा प्लास्टिकचा कॅट आणला. तीन महिने दर रविवारी वापरून मग लिहितेय.

पानं उत्तम. आमच्याकडे भडंग खातखातच डाव चालतो, त्यामुळे पानांना तेल लागणारच. ओल्या फडक्यानं पुसलं की झालं. सुरुवातीला मात्र इतकी बुळबुळीत होती की पिसताना अर्धा कॅट दिवाणाखाली. शिवाय कोपऱ्यातल्या खुणा बारीक छापल्यात. इस्पिक आणि किलवर यांत आमचे हे दोनदा फसले, आणि खापर ट्यूबलाइटवर फोडलं.

खरी तक्रार डबीतल्या चिठ्ठीची. तिच्यावर 'रंगांचा क्रम' छापलाय: सर्वांत वर इस्पिक, मग बदाम, मग चौकट, तळाला किलवर. कुठल्या खेळात, ते कुठेच नाही.

पहिल्याच रविवारी मेंढीकोट, म्हणजे दश्श्या (त्याच मेंढ्या) जिंकायचा खेळ. मी आणि जाऊबाई एकीकडे, हे आणि भावजी दुसरीकडे. हुकूम चौकट. मी किलवरचा एक्का उतरले, यांच्याकडे किलवरची दश्शी एकटीच, ती पडली. म्हणजे मेंढी आमची! जाऊबाईंनी पंजी टाकली. भावजींकडे ना किलवर, ना चौकट. त्यांनी इस्पिकचा एक्का आपटला आणि हात स्वतःकडे ओढला. का, तर "चिठ्ठीत इस्पिक मोठं लिहिलंय!" चाळीस वर्षं मेंढीकोट खेळलेला माणूस हा. पण छापील कागद हाती आला की वकील होतो.

शेवटी त्यांच्याच मुलाला जर्मनीत व्हिडिओ कॉल लावला. तो ब्रिज खेळतो. म्हणाला, बाबा, हा क्रम ब्रिजचा, आणि तोही बोलीपुरता, म्हणजे खेळाआधी कुठल्या हुकुमात किती हात करू ते बोलतात तेवढ्यापुरता. एक बदामवर एक इस्पिक बोलता येतं. एक इस्पिकवर बदाम बोलायचं तर दोनवर जावं लागतं. बिनहुकुमी बोली सगळ्यांच्या वर. गुणही तसेच, बोलीतल्या दर हाताला किलवर-चौकटचे २०, बदाम-इस्पिकचे ३०. पण एकदा पानं पडू लागली की उतारीचा रंग आणि हुकूम, बाकी कुणाला मान नाही. वर हेही सांगितलं की तिकडच्या स्काट नावाच्या पत्त्यांच्या खेळात किलवर सगळ्यांत वर आणि चौकट तळाशी. जाऊबाई लगेच, "बघा, आमचं किलवर!"

रमीत तर चारही रंग सारखेच. आणि बदाम सातमध्ये बदामची सत्ती आधी लागते ती काही बदाम थोर म्हणून नव्हे. कुठून तरी सुरुवात करायची म्हणून.

एका कामाला मात्र चिठ्ठी उपयोगी पडली. पहिलं कुणी वाटायचं, यासाठी आम्ही एकेक पान ओढतो. दोघांना राजा आला की पूर्वी परत ओढायचो, आता इस्पिकवाला वाटतो. तेवढ्यापुरती ती डबीत राहू दिलीय.

कंपनीनं खेळाचं नाव छापलं असतं तर पाचपैकी पाच तारे दिले असते. आता चार. जाऊबाईंच्या माहेरी, मिरजेला, असाच एक कॅट द्यायचाय. चिठ्ठी काढून.