शॉटगनची सफाई : गज आधी घ्यावा की दोरी?

पहिली शॉटगन घेतली की सोबत सफाईची पेटी घ्यायचाही विचार येतो. आत डझनभर वस्तू असतात, पण पुढे कायम हातात राहतात त्या चार-पाचच. ती पेटी घ्यावी, सुटा गज (नळीत घालायची लांब दांडी) आणि ब्रश घ्यावेत, की नुसती नळीतून ओढायची दोरी पुरे? माझं मत पक्कं आहे: आधी एक चांगला अखंड गज, दोरी नंतर. त्याचं कारण नळीत काय साचतं आणि कुठे साचतं यात आहे.

रायफलीच्या नळीत गोळीच्या वेष्टणाचं तांबं चिकटतं. छर्‍यांच्या गुळगुळीत नळीत तांब्याची अडचण नसते. तिथे साचते ती दारूची काजळी, वॉडचं (काडतुसात छर्रे धरून ठेवणाऱ्या बुचाचं) वितळलेलं प्लॅस्टिक आणि शिसं. त्यामुळे रायफलीसाठीचं तांबं काढणारं उग्र अमोनियाचं द्रावण शॉटगनला लागतच नाही, उलट ते तुमचा ब्राँझचा ब्रशच खातं. शिवाय हा मळ नळीभर सारखा बसत नाही. चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) लगेच पुढे नळी जिथे निमुळती होते तिथे तो जास्त बसतो, आणि दुसर्‍या टोकाला चोकमध्ये, म्हणजे तोंडाशी नळी आवळते त्या भागात. मधला लांब पट्टा फडकं फिरवलं तरी बर्‍यापैकी चकाकतो.

आता गज आणि दोरी शेजारी ठेवून बघा. बोअर-स्नेक म्हणून मिळणारी दोरी चेंबरकडून घालून दुसरीकडून ओढायची असते. तिच्यात मध्येच ब्राँझचे केस विणलेले असतात आणि मागचा जाड भाग पुसत जातो. दोन-तीन ओढींत काम होतं, ती खिशात मावते, आणि गोळीबार संपल्यावर घरी निघण्याआधी नळीतली ओल आणि सैल काजळी काढायला तिच्यासारखं दुसरं काही नाही. पण ती सगळीकडून सारख्याच वेगाने जाते. जिथे शिसं बसलंय त्या चार बोटांच्या जागेवर थांबून मागेपुढे घासता येत नाही, ते गजानेच होतं. शिवाय दोरी मळ स्वतःत साठवते. ती धुतली नाही तर मागच्या वेळची काजळी पुढच्या वेळी नळीभर पसरते. धुऊन पूर्ण वाळवणं आलंच, आणि हेच बहुतेक जण टाळतात.

गज घेताना तीन तुकड्यांचा घ्यायचा मोह होतो, कारण तो पेटीत बसतो. त्याचे सांधे वापरता वापरता ढिले होतात आणि सांध्याची कडा नळीला घासते. असे गज बहुधा अ‍ॅल्युमिनियमचे असतात. अ‍ॅल्युमिनियम मऊ असतं, त्यात बारीक कच रुतून बसते, म्हणून असा गज प्रत्येक फेरीनंतर पुसावा लागतो. लाकडी किंवा आवरण घातलेला अखंड गज जागा अडवतो, पण नळीला जपतो. आपोआप फिरणार्‍या मुठीसाठी जास्त पैसे देऊ नका. ती सोय रायफलीच्या नळीतल्या पिळाबरोबर ब्रश फिरावा म्हणून असते. गुळगुळीत नळीत उलट घट्ट मूठच बरी, कारण चोकपाशी ब्रश हाताने पिळून फिरवता येतो. पिळताना घट्ट होण्याच्या दिशेनेच पिळा, नाहीतर ब्रश आत सुटून राहतो.

ब्रश फॉस्फर ब्राँझचा घ्या. नायलॉनचा द्रावण पसरायला ठीक, शिसं काढायला दुबळा. स्टीलच्या वेटोळ्यांचा ब्रश चिकट शिशावर जोरदार चालतो, पण जुन्या, मऊ पोलादाच्या नळीत मी तो घालणार नाही. माप नेमकं हवं (बोर म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचा क्रमांक): १२ बोरची नळी साधारण १८.५ मिमी, २० बोरची १५.६ मिमी. चेंबर नळीपेक्षा रुंद असतो, म्हणून त्याला वेगळा जाड ब्रश लागतो. पेटीत नेमका तोच नसतो.

बंदुकीच्या जातीप्रमाणे कामाचं वजन बदलतं. दुनळी सगळ्यात सोपी. नळ्या उतरल्या की दोन्ही टोकं मोकळी. तिला बिजागरीच्या खिळीवर तेल नको, बोटाच्या टोकावर मावेल एवढं ग्रीस हवं, कारण तिथे भार आणि घर्षण दोन्ही मोठे असतात. गॅसवर चालणार्‍या अर्धस्वयंचलित (पुढचं काडतूस आपोआप चढवणाऱ्या) बंदुकीत नळीपेक्षा पिस्टन आणि गॅसची भोकं जास्त जपावी लागतात. तिथे कोळशासारखी काजळी घट्ट बसते आणि बंदूक अडकू लागते. त्या भागाला तेल चोपडू नका, ओल्या तेलात काजळी आणखी साठते. अशी बंदूक असेल तर दोरी सोडा, नायलॉनचा छोटा ब्रश आणि चांगलं द्रावण यांवर पैसे घाला.

तेलाबद्दल मी जरा कळकळीने बोलतो. माझ्या एका दुनळीच्या दस्त्याचं लाकूड यंत्राला भिडतं तिथे काळं पडून मऊ झालं होतं. वर्षानुवर्षं नळीतलं आणि यंत्रातलं जास्तीचं तेल खाली झिरपत गेलं होतं. तेव्हापासून मी पातळ तेलाचे तीन थेंब फडक्यावर घेतो, थेट बंदुकीवर कधीच नाही. सफाईनंतर पहिली रात्र बंदूक तोंड खाली करून ठेवतो. सगळं एकातच करणारं तेल रोजच्या पुसण्याला पुरतं, पण चिकटलेल्या प्लॅस्टिकसाठी वेगळं द्रावण हवंच.

किती वेळा? गोळीबार झाल्या दिवशी दहा मिनिटं: नळी, चेंबर, आणि हाताचा घाम लागलेला बाहेरचा धातू. चोक आट्यांचा, सुटा होणारा असेल तर महिना-दोन महिन्यांनी एकदा तो काढून त्याचे आटे पुसायचे आणि पातळ ग्रीस लावायचं, नाहीतर तो अडकतो. काळ्या दारूची काडतुसं वापरली तर मात्र उद्या नाही, त्याच दिवशी साबणाचं गरम पाणी. तिची राख हवेतली ओल ओढते आणि रातोरात गंज चढतो. ओल्या पिशवीत बंदूक ठेवणं तितकंच वाईट. घोड्याचं आतलं यंत्र स्वतः खोलू नका, ते जाणकार कारागिराकडे द्या.

काम सुरू करण्याआधी बंदूक रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, काडतुसं त्या खोलीतच नकोत. खिडकी उघडी ठेवा, नंतर हात साबणाने धुवा, शिसं बोटांवर राहतं. आणि पुढच्या वेळी काडतूस घालण्याआधी नळीतलं तेल पुसून, उजेडाकडे धरून आरपार पाहा. विसरलेली एक चिंधी नळी फोडायला पुरते.