थार की वॅगनआर: गोव्यातल्या रस्त्यावर लोक कुणाशी कसे वागतात

भाचा गाडी घेतोय. बांदोड्याहून पणजीला रोजचं जाणंयेणं, आणि त्याचं अडलंय वॅगनआर की थार ह्यावर. मायलेज, ईएमआय, सर्व्हिसिंग सगळं त्याने बघून झालंय, त्यात मी पडत नाही. मी फक्त एवढंच सांगतो की बाकीचे गाडीवाले कुठल्या गाडीला कसे वागवतात, कारण माझी स्वतःची वॅगनआर आहे आणि मेव्हणा शिपवर होता तेव्हा त्याची थार चार महिने माझ्याचकडे होती.

हायवेला थार जिंकते, वादच नाही. कुंडईच्या चढावर ट्रकच्या मागे अडकलो की वॅगनआरच्या मागचा माणूस डिकीत येऊन बसेल इतका चिकटतो, वर डिपर, वर हॉर्न, जसा काय ट्रक मीच उभा करून ठेवलाय. तोच मी, तोच ट्रक, तोच तीसचा स्पीड, पण थार असली की मागचे अंतर ठेवून गुपचूप येतात. स्कूटरवाले वॅगनआरच्या डावीकडून आरसा घासून जातात, थारच्या बाजूला येत नाहीत. प्रायव्हेट बसवाल्याला मात्र दोन्ही सारख्याच, त्याच्यासमोर सगळे समान 😄

हे आपल्याकडचंच नाही. १९६८ साली डूब आणि ग्रॉस म्हणून दोघा संशोधकांचा कॅलिफोर्नियातला प्रयोग छापून आला होता, सिग्नल हिरवा झाला तरी गाडी १५ सेकंद हलवायचीच नाही आणि मागचा काय करतो ते बघायचं. कधी चकाचक क्रायस्लर उभी, कधी जुनाट फोर्ड नाहीतर रॅम्बलर. जुनाट गाडीवर लोकांनी लवकर आणि जास्त हॉर्न वाजवले, दोघांनी तर मागून बंपरच लावला. मजा म्हणजे कॉलेजच्या पोरांना नुसतं तोंडी विचारलं तेव्हा मुलगे म्हणाले होते की आम्ही चकाचक गाडीवरच आधी वाजवू. बोलायला सगळे शूर.

पण गोव्यात एक वेगळी भानगड आहे, इथे लोक गाडीच्या आधी नंबरप्लेट बघतात. काळी प्लेट पिवळी अक्षरं म्हणजे भाड्याची, म्हणजे टुरिस्ट, म्हणजे हा मॅप बघत मधेच ब्रेक मारणार. आणि कळंगुट-बागा साइडला भाड्याच्या थार एवढ्या झाल्यात की पांढरी प्लेट, जीए-०५ म्हणजे इथल्याच फोंड्याचा नंबर असूनसुद्धा लांबून मला लोक टुरिस्टच समजायचे. वाट द्यायचे, हो, पण तो मान नव्हे, "हा कधी कुठे वळेल देव जाणे" असली वाट. जवळ आल्यावर नंबर दिसला की चेहरे सैल पडायचे, रात्री समोरून नंबर कोण वाचतोय.

आता गावातले रस्ते, इथे उलटं होतं. वॅगनआरची रुंदी १,६२० मिमी, थारची १,८२०, म्हणजे वीत भरायला थोडंसंच कमी, पण दोन्हीकडे चिऱ्याची भिंत असली की तेवढंच नडतं. वॅगनआर असली तर समोरचा पण थोडा कडेला घेतो, दोघंही हात करून पुढे जातो. थार असली की तो बसून राहतो, तुझी फोर बाय फोर ना, मग तूच उतर मातीत. फेरीबोटीतसुद्धा कोपऱ्यातल्या जागेसाठी लहान गाडीला हात करून पुढे बोलावतात, मी थारमध्ये बसून बघत राहायचो.

आणि चूक झाली तर? वॅगनआरमधून चुकीचा इंडिकेटर दिला तर एक शिवी, विषय संपला. म्हार्दोळला थार दोन मिनिटं तिरकी लावली तर एक म्हातारा थांबून म्हणाला, "रस्तो बापायचो काय रे?" वॅगनआर ह्याहून तिरकी लावलीय मी तिथे, कुणी ढुंकून बघितलं नव्हतं.

त्यात आपण स्वतः पण बदलतो, हे मला बायकोने सांगितलं, मला कळलं नव्हतं. २०१२ मध्ये पण कॅलिफोर्नियातलाच एक अभ्यास आला होता, चौकात दुसऱ्याची पाळी असताना मधे घुसणाऱ्यांत महागड्या गाडीवाले जास्त. तिला तो अभ्यास वगैरे माहीत नाही, ती फक्त म्हणाली की ह्या गाडीत तू कुणाला आधी जा म्हणत नाहीस.

(हिरव्या प्लेटची इलेक्ट्रिक पण त्याच्या डोक्यात आहे. तिला सिग्नलला काच खाली करून "रेंज किती देते?" विचारतात, बाकी लहान गाडीसारखंच.)

माझं मत वॅगनआर. त्याच्या घराकडची पायवाटवजा गल्ली बघितली तर थार रोज कुणाच्या तरी कुंपणाला लागणार आणि शेजाऱ्यांशी संबंध त्यालाच ठेवायचेत, हायवेवरचे हॉर्न काय, एका कानाने ऐकायचे. आठवड्यातून दोनदा चोर्ला घाट करून बेळगावला जाणारा असता तर थार घे म्हटलं असतं. तरी ठरत नसेल तर टेस्ट ड्राइव्ह शोरूमवाला नेतो त्या मोकळ्या रस्त्यावर नको, संध्याकाळी साडेसहाला बाणस्तारीच्या गर्दीत मागावी, दोन्ही गाड्यांची.