मठातल्या ओस्ती आणि खानदेशी उन्हाळा

भुसावळ-जळगावच्या चर्चसाठी ओस्ती, म्हणजे मिस्सेत (कॅथलिक उपासनेत) वाटली जाणारी गव्हाची पातळ गोल भाकर, मागवायच्या तर वाटा दोनच. एक म्हणजे धार्मिक वस्तूंच्या दुकानातलं कारखान्याचं पाकीट, दुसरी म्हणजे बंदिस्त कार्मेल मठातल्या, म्हणजे कार्मेल संघाच्या, मठाबाहेर न पडणाऱ्या सिस्टरांनी भाजलेल्या ओस्ती कुरियरने मागवणं. इथे बोलायचं आहे ते दुसऱ्या वाटेबद्दल.

५०० चं पाकीट येतं. लहान ओस्ती साधारण २८ ते ३० मिलिमीटर व्यासाच्या, फादरांची मोठी ७० मिलिमीटरची, वेगळ्या पुडीत. रंग दुधाळ, कुठे कुठे तांबूस झाक. कॅथलिक चर्चच्या कायद्याचं ९२४ वं कलम सांगतं की भाकर निव्वळ गव्हाची आणि ताजी हवी. मीठ, तेल, खमीर काही नाही, फक्त पीठ आणि पाणी. लेबलावर भाजल्याची तारीख मात्र नसते. ‘ताजी’ हा नियमच असताना ही उणीव खटकते. मागवताना विचारून घ्या.

इतकं साधं मिश्रण, तरी बिघडायला जागा भरपूर. पीठ ओतता येईल इतकं पातळ लागतं. घट्ट राहिलं तर पत्रा, म्हणजे ज्यातून ओस्ती कापतात तो भाजलेला पातळ थर, जाड होतो आणि मधे कच्चा राहतो. जोरात फेटलं की हवा शिरते आणि ओस्तीला भोकं पडतात. दोन तापल्या लोखंडी पाट्यांमध्ये मिनिट-दोन मिनिटांत पत्रा भाजून निघतो. पाट्या कमी तापल्या तर तो चिकटतो, जास्त तापल्या तर करपतो. भाजलेला पत्रा आपल्या वाळल्या बिबड्यासारखाच कडक; तसाच कापला तर ठिकऱ्या. म्हणून तो रात्रभर दमट जागेत ठेवून नरम करतात, मग गोल कापतात, पुन्हा वाळवतात, चाळतात आणि हाताने निवडतात. शेवटचं वाळवणं घाईत उरकलं तर पावसाळ्यात बुरशी आलीच म्हणून समजा.

निवड चांगली आहे. पाकिटाच्या तळाशी तुकडे थोडेच निघतात. मोठी ओस्ती मधोमध मोडली की कट्‌ आवाज येतो, रेष सरळ जाते. चव भाजल्या गव्हाची. दुकानातल्या पांढऱ्याफटक ओस्तीला ती नाही. कड मात्र कारखान्याचीच सरस. तिथे यंत्र कड दाबून बंद करतं, भुगा पडत नाही. मठातली ओस्ती कापलेली असते, त्यामुळे कडेला बारीक कण राहतात. ओस्ती सिबोरियममध्ये, म्हणजे वाटायच्या ओस्ती ठेवण्याच्या झाकणाच्या पात्रात, भरण्याआधी स्वच्छ चाळणीत हलक्या हाताने हलवून घ्या.

सेवेचं गणित मठाच्या दिवसावर चालतं. दिवसभरात प्रार्थनेच्या ठरलेल्या वेळा, शिवाय दोन तास मौन ध्यान. काम होतं ते मधल्या वेळात, तेही न बोलता. घंटा झाली की हातातलं सोडून उठायचं, म्हणून पीठ एका बैठकीपुरतंच भिजवलेलं बरं. कार्मेल संघात सुधारणा करणाऱ्या अविलाच्या संत तेरेजांपासून एका मठात २१ सिस्टरांची मर्यादा, त्यामुळे ईस्टर आला म्हणून हात वाढत नाहीत. पवित्र आठवड्याची (ईस्टरच्या आधीच्या आठवड्याची) मागणी निदान तीन आठवडे आधी कळवा. फोन रात्रीच्या प्रार्थनेनंतर कोणी उचलणार नाही. सकाळी कामाच्या वेळेत करा. प्रत्यक्ष गेलात तर पाकिटं भिंतीतल्या फिरत्या लाकडी कपाटातून मिळतात. आतला चेहरा दिसत नाही, पैसेही त्याच कपाटात ठेवायचे.

किती मागवायच्या? रविवारी १२० आणि इतर दिवशी रोज १५ माणसं कम्युनियन (मिस्सेतली ओस्ती) घेत असतील तर आठवड्याला २१० लागतात. म्हणजे एक पाकीट अडीच आठवडेही पुरत नाही. तीन महिन्यांचा साठा एकदम करण्यात शहाणपण नाही.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडची हवा पापडाला उत्तम आणि ओस्तीला वाईट. उघडं पाकीट दोन दिवसांत इतकं सुकतं की ओस्ती बोटांत चुरते. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा वापरा. सुकल्याच तर मोठ्या डब्यात पाण्याची वाटी एका कोपऱ्यात ठेवून काही तास झाकून ठेवा. पाणी लागता कामा नये, आणि ओलं फडकं तर नकोच. फ्रिजही नको: बाहेर काढल्यावर दव धरतं. उदाच्या आणि डांबरगोळ्यांच्या कपाटात ठेवल्या तर वास हमखास लागतो.

ग्लुटेन न चालणाऱ्यांसाठी हे पाकीट नाही. अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात क्लाइडच्या बेनेडिक्टाइन सिस्टरांनी गव्हाच्या स्टार्चपासून अगदी कमी ग्लुटेनची ओस्ती बनवली; तशी वेगळी मागवावी लागते. पूर्ण ग्लुटेनमुक्त ओस्ती मिस्सेला चालत नाही, हे २०१७ च्या रोमच्या (व्हॅटिकनच्या) पत्रातही पुन्हा सांगितलं आहे.

कापून उरलेलं कातरण विचारलं तर पुडीत बांधून देतात. आशीर्वादित नसल्याने खायला हरकत नाही. चहाबरोबर मुलं मूठमूठ संपवतात.