नागपूर की हैदराबाद : निवृत्तीनंतरचा पत्ता

मुलगा हैदराबादला, घर नागपूरला आणि निवृत्ती सहा महिन्यांवर. हा प्रश्न घेऊन गेल्या वर्षभरात चार जण माझ्याकडे चहाला येऊन गेले, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. मी तिकडे चौदा महिने राहून परत आलोय. माझं वजन कुठल्या पारड्यात पडणार हे उघड आहे. तेवढं वजा करून वाचा.

पेन्शनची चिंता आधी सोडा. मी बँकेतला, माझी पेन्शन कुठेही जमा होते. ईपीएफवाल्यांनाही जानेवारी २०२५ पासून देशातल्या कुठल्याही बँकेच्या कुठल्याही शाखेतून मिळते. नोव्हेंबरातला हयातीचा दाखला मोबाईलसमोर चेहरा धरला की जातो. आयकर दोन्हीकडे तोच. या कारणासाठी कोणी राज्य बदलू नये आणि कोणी अडूनही बसू नये.

खरा मुद्दा उन्हाळ्याचा, आणि तो निखालस हैदराबादच्या बाजूने आहे. ते शहर समुद्रसपाटीपासून पाचशेवर मीटर उंच, आपण तीनशेच्या आसपास. दुपारी फार फरक वाटत नाही, रात्री दहानंतर अंगाला कळतो. ३० मे २०२४ ला नागपुरात एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले होते, आठवत असेल. यंत्र बिघडलं होतं असं हवामान खात्यानं सांगितलं, पण त्या संध्याकाळी मला इकडून जेवढे फोन आले त्यातल्या एकालाही तो आकडा खोटा वाटत नव्हता. आम्ही तेव्हा हैदराबादच्या निझामपेठला, मुलाकडे, सहाव्या मजल्याच्या बाल्कनीत वारा खात बसलो होतो. थोडी लाजही वाटली.

मात्र तिथल्या फ्लॅटला कूलर लावायची सोय नाही. तुम्ही म्हणाल एसी लावा. लावला, आणि घसा धरला. इथं मागच्या खिडकीबाहेर लोखंडी स्टँड आहे. मार्चच्या शेवटी टाकी घासायची, ताट्यांचं जुनं गवत काढून नवीन दाबून बसवायचं, पंप चालतो का बघायचं आणि पहिल्या दिवशी दोन तास त्या ओल्या गवताच्या वासात लोळायचं. मृगाआधी हवा दमट झाली की तोच कूलर नुसती चिकचिक करतो, हेही खरं. तरी दोन महिने तो साथ देतो.

बोलण्याचं म्हणाल तर शहरात हिंदीवर सगळं निभतं. सोसायटीच्या ग्रुपवर मात्र तेलुगू चालते आणि पाणी कधी येणार नाही हे आपल्याला पाणी गेल्यावर समजतं. भाजी उत्तम, रैतू बाजारात पिशवी भरून येते. पहिल्याच दिवशी मी सवयीनं ‘दहा रुपयांचा सांबार’ मागितला. बाई माझ्याकडे बघतच राहिली, आणि समोरच्या टिफिन सेंटरकडे बोट दाखवलं. त्या जुडीला तिकडे कोत्तिमीर म्हणतात. म्हणजे जन्मभर पुण्याच्या पाहुण्यांची ‘कोथिंबीर’ हसण्यावारी नेली आणि साठीनंतर तेलंगणात जाऊन तीच मागायची पाळी आली.

मराठी माणसं आहेत, नाहीत असं नाही. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. सुलतान बाजार, काचीगुडा भागात जुनी मराठी घरं आहेत आणि १९०७ सालची विवेकवर्धिनी शिक्षणसंस्था आहे. पण मुलं राहतात आयटीच्या बाजूला. निझामपेठहून सुलतान बाजारला जायचं म्हणजे रिक्षा, मेट्रो आणि चालणं धरून तास-सव्वा तास. मी तीनदा गेलो. दर आठवड्याला जाईन म्हणालो होतो.

दवाखान्यांचं कौतुक मी दोन्हीकडे सारखंच करीन. आपण हैदराबादच्या मोठ्या हॉस्पिटलांची नावं घेतो आणि आदिलाबादची मंडळी उपचाराला नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेत येऊन राहतात. ज्यांना आधीच काही दुखणं आहे त्यांनी इतकंच पाहावं की आपला डॉक्टर फोन उचलतो का. माझा उचलतो. चौदा महिने मी तिकडून त्यालाच फोन करत होतो.

आता ज्या एका गोष्टीनं माझा निकाल लावला ती. ऐकून तुम्ही हसाल.

डिसेंबर २०२३ पासून तेलंगणात राहणाऱ्या बायकांना साध्या आणि एक्सप्रेस बसला तिकीट नाही. सौ. कुकटपल्लीला निघाली. बसमधल्या सगळ्या बायका आधार दाखवून शून्य रुपयाचं तिकीट घेत होत्या. हिनंही कार्ड पुढे केलं. कंडक्टरनं पाठीमागचा पत्ता वाचला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, “महाराष्ट्रा का है, अम्मा. टिकट लेना पडता.” त्याचं काही चुकलं नाही, नियमच तसा. तिलाही पैशाचं काही नव्हतं. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, “सगळ्या बसमध्ये मी एकटीच पाहुणी होते.”

मग आधारचा पत्ता बदलू म्हटलं. मुलाच्या पत्त्यावर, नात्याचा पुरावा जोडून, ऑनलाईन होतं. पण आधार बदललं की बँकेचं केवायसी, मग मतदार यादीसाठी आठ नंबरचा फॉर्म, मग गॅस. एकेक काम सोपं आहे, नाही म्हणत नाही. मी छत्तीस वर्षं काउंटरच्या आत बसून लोकांकडून हीच कागदं भरून घेतली. प्रत्येक फॉर्मवर दोन रकाने असतात, सध्याचा पत्ता आणि कायमचा पत्ता. माझ्या आयुष्यात दुसऱ्या रकान्यात एकच शब्द पडला होता, ‘वरीलप्रमाणे’. निझामपेठच्या शाखेत तो फॉर्म समोर आला, वरचा रकाना भरला आणि खाली पेन थांबलं. नागपूरचं प्रतापनगर लिहावं तर मी इथं कोण? आणि वरीलप्रमाणे लिहावं तर मुलानं भाड्यानं घेतलेल्या तीन खोल्या माझा कायमचा पत्ता. पलीकडची मुलगी “सर, कुछ भी लिख दो” म्हणाली. मीही ग्राहकांना असंच म्हणत असे.

फॉर्म तसाच खिशात घालून आणला. नोव्हेंबर २०२४ मध्ये गाडीला तिथं वर्ष झालं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे बारा महिन्यांहून जास्त दुसऱ्या राज्यात ठेवलेली गाडी तिथं पुन्हा नोंदवावी लागते. नागपूरच्या आरटीओचं ना हरकत, तिकडचा कर, इकडचा उरलेला कर परत मिळवायला वेगळा अर्ज, आणि शेवटी एमएच ३१ जाऊन टीजी. त्या संध्याकाळी मी खाली जाऊन गाडी पुसली आणि वर येऊन मुलाला सांगितलं की आम्ही जानेवारीत निघतो.

माझे वडील नागपूरच्या महाल भागातले. शाळेच्या दाखल्यावर मध्य प्रांत व वऱ्हाड, नोकरीच्या पहिल्या कागदावर मध्य प्रदेश, लग्न झालं तेव्हा मुंबई राज्य, १९६० पासून महाराष्ट्र. वाडा तोच, विहीर तीच. राज्य बदलायला त्यांना कधी उठावं लागलं नाही, त्यामुळे आमच्या घरात या कामाची सवयच नाही म्हणा.

आणखी एक, जरा नाजूक. आपण मुलामागे जातो, पण मुलगा नोकरीमागे जातो. आमचा परवा बंगळुरूच्या कंपनीचं नाव घेत होता. तोवर मी टीजीची पाटी लावून बसलो असतो तर कर्नाटकात पुन्हा पहिल्यापासून.

तरी सगळ्यांनी माझ्यासारखं करावं असं मी म्हणणार नाही. ज्यांनी इथलं घर विकलंय, किंवा ज्यांच्या नातवंडांना सांभाळायला दुसरं कोणी नाही, त्यांनी खुशाल जावं, आणि जायचंच तर कागदं पहिल्या महिन्यात बदलून टाकावी. अर्धवट राहण्यात फार त्रास आहे. ज्यांचं ठरत नाही त्यांना इतकंच सांगेन की मे महिन्यात ठरवू नका; मे महिन्यात कोणीही नागपूर सोडायला तयार होतो. जुलैत जा, अकरा महिन्यांचं भाडं करा, गाडी इथंच ठेवा आणि आधारला हात लावू नका. सप्टेंबर २०२४ पासून सिकंदराबादची वंदे भारत आहे, सात-सव्वासात तासांत पोचवते. बल्लारशा मागे पडलं की राज्य बदलतं, चहा घेता घेता.

आम्ही आता उन्हाळ्याचे दोन महिने तिकडे जातो. सौ. बसचं तिकीट काढते आणि कंडक्टरला आधी स्वतःच सांगते, “महाराष्ट्रा.” खरं सांगायचं तर तिला तिथं माझ्यापेक्षा जास्त करमतं, खालच्या मजल्यावरच्या दोघी-तिघी तिच्याकडून पुरणपोळी शिकल्या आणि तिला गोंगुरा करायला शिकवून गेल्या. यंदाची तिकिटं तिनंच काढली आहेत, १८ एप्रिलची. परतीची अजून काढलेली नाहीत.